तुम्ही विचारलंत म्हणून: आधी स्टिकरचा फोटो

"ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ, एवढंच सांग." दहावी-बारावीचे निकाल लागले किंवा दिवाळीचा बोनस झाला की हा मेसेज येतो. मी उलट लिहिते: कॅबिनेट उघडून एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्टिकरचा फोटो पाठव, मदरबोर्डाचं नाव पाठव, मॉनिटर कुठला ते सांग. पलीकडे दोन निळ्या टिका आणि सामसूम. मग कुणाच्या तरी लग्नात भेट झाली की खरा प्रश्न बाहेर येतो. "तू साधं उत्तर का देत नाहीस गं? कार्ड विचारलं की घराच्या वायरिंगपर्यंत जातेस." मी भाव खाते असंही काहींचं मत आहे. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सगळं सांगते.

कार्डांची नावं मला पाठ आहेत, ती सांगायला अर्धा मिनिट लागतो. पण नाव सांगून काय होतं ते बघा. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त मिळायचं म्हणून पुष्कळांनी घेतलं. ते बोर्डाशी चारच लेनने, म्हणजे डेटाच्या चारच वाटांनी, बोलतं. बोर्डाची कार्डासाठीची जोडणी, म्हणजे पीसीआयई, चौथ्या पिढीची असेल तर निभून जातं. २०१७-१८ च्या बोर्डावर, म्हणजे पीसीआयई ३ वर, तेच कार्ड काही गेम्समध्ये चांगलंच मागे पडतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. म्हणजे चिरंजीवांना खेळताखेळता रेकॉर्डिंग करायचं असेल तर तो भार प्रोसेसरच्या डोक्यावर. इंटेलच्या आर्क बी५८० चं उदाहरण घ्या. १२ जीबी मेमरी, पैशाच्या मानाने उत्तम. पण बोर्डात रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू होत नसेल तर त्याचा बराचसा दम जातो, आणि प्रोसेसर जुना असेल तरीही जातो. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच फ्रेम दाखवणारा असेल तर १४० फ्रेम काढणारं कार्ड घेऊन त्यातल्या ऐंशी कुणाला दाखवणार आहात? प्रोसेसर इंटेलचा सहाव्या-सातव्या पिढीचा आय५ असेल तर आणखी एक भानगड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ त्या पिढ्यांना अधिकृतपणे दारात उभं करत नाही. तिथे कार्डावर तीस हजार घालायचे का, हा प्रश्न कार्डाच्या आधी येतो.

पूर्वी एक सोपं उत्तर असायचं. रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी घाल, ड्युअल चॅनेल होईल, म्हणजे दोन्ही जोडीने काम करतील, बाकी पुढच्या वर्षी बघू. २०२५ सरता सरता रॅमचे भाव असे चढले की तेही सांगायची सोय राहिली नाही.

पण हे सगळं नंतरचं. स्टिकरचा फोटो मी मागते त्याचं कारण वेगळं आहे. घरातल्या निम्म्या लोकांना ते माहीत आहे आणि उरलेल्यांना चुकीचं माहीत आहे.

माझ्या आतेभावाचं, दादाचं, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाचा कॉम्प्युटर घरातच, पुढच्या खोलीत. दिवसा त्यावर टॅली, रात्री मुलाचे गेम. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगवाल्यांची कार्डं ढिगाने बाजारात आली. आरएक्स ५८०, ८ जीबी, जुनं, आठ हजारांच्या आत मिळत होतं. मुलगा तेव्हा दहावीतून बाहेर पडलेला, दादाने त्याला शब्द दिलेला. दादाचा फोन आला. मी म्हटलं, कार्ड चांगलं आहे, पण पॉवर खातं, एसएमपीएस केवढा आहे? तो म्हणाला, "पाचशे वॅटचा आहे, दुकानदाराने बघून सांगितलंय." मी म्हटलं, मग चालेल.

या दोन शब्दांवर आमच्या घराण्यात पुढे बरंच काही उभं राहिलं, म्हणून नीट सांगते. त्या कार्डासाठी कंपनीचीच शिफारस ५०० वॅटची आहे. मी हवेत काही बोलले नव्हते.

कार्ड बसलं. एसएमपीएसला कार्डासाठीची आठ पिनी वायरच नव्हती, म्हणून दुकानातून कन्व्हर्टर मिळाला: दोन चार-पिनी वायरी एका बाजूला, आठ पिनी तोंड दुसऱ्या बाजूला. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिथेच थांबवलं असतं, कारण ज्या एसएमपीएसला ती वायर कंपनीनेच दिलेली नाही, त्याच्याकडून तेवढा करंट ओढायचा नसतो. पोरगा खूश होता. काही दिवसांनी तक्रार आली: गेम सुरू केल्यावर वीसेक मिनिटांनी मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. टॅलीला काही होत नाही. दिवसभर टॅली चालतंय म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, असा दादाचा हिशेब, आणि ऐकायला तो बरोबरच वाटतो. दुकानदाराचा हिशेब असा की कार्ड मायनिंगचं आहे, कुणी घ्यायला सांगितलं? "ताईंनी." मी फोनवर ड्रायव्हर बदलायला लावले, तापमान बघायला लावलं. तापमान ठीक होतं.

मग जून आला. खताची गर्दी, सोयाबीनच्या बियाण्यांची गर्दी, उधारीच्या नोंदी. एका संध्याकाळी मशीनच्या मागून फट आवाज आला, जळका वास आला आणि सगळं बंद. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने नवीन एसएमपीएस लावला तर बोर्ड उठेना. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर फिरेना. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, मार्चअखेरचा. २० तारखेला जीएसटीचं रिटर्न.

दादाने फोनवर आरडाओरडा केला नाही. तो म्हणाला, "तुझ्या भरवशावर घेतलं होतं." एवढंच, आणि ठेवला. वहिनी मात्र नंतर सविस्तर बोलली.

मुलगा पहाटेच्या एसटीने एकटा पुण्याला आला. स्वारगेटला घ्यायला गेले तर दप्तरात टॉवेलात गुंडाळलेली डिस्क, आणि काय सुचलं कोण जाणे, तो जळका एसएमपीएसही पिशवीत. तिथेच, रिक्षाच्या रांगेत, मी स्टिकर वाचलं. वर मोठ्या अक्षरात ५०० डब्ल्यू. खाली बारीक अक्षरात तक्ता, त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात १२ व्होल्टच्या पंगतीत, आणि त्या पंगतीत एकूण वाढलेलं होतं १९२ वॅट. एकट्या कार्डाची भूक १८५. प्रोसेसरचे ६५ वेगळेच. बाकीचे वॅट कागदावर ३.३ आणि ५ व्होल्टच्या लायनींत होते, ज्या आजच्या मशीनला जेमतेम लागतात. टॅलीला दीडशेही लागत नाहीत, म्हणून ते बिचारं चालत होतं.

तपकीर गल्लीत माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो. त्याने डिस्कच्या खालची हिरवी पट्टी उघडली, मीटर लावला आणि एक डायोड दाखवला. असे दोन असतात, एक ५ व्होल्टच्या लायनीवर, एक १२ च्या. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि मागचं सगळं वाचतं. ५ चा शॉर्ट झाला होता. तो म्हणाला, स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ चं नियंत्रण एकत्रच असतं. १२ वर ओढ पडली की तो १२ सावरायला जातो आणि ५ वर चढतं. डायोड काढला, डिस्क फिरली. आता हिला संरक्षण नाही, डेटा काढा आणि हिला कपाटात ठेवा, असं बजावून त्याने जे पैसे घेतले ते इतके कमी होते की मलाच लाज वाटली. टॅलीचा डेटा सगळा निघाला. रिटर्न वेळेत गेलं.

गल्लीतून बाहेर पडताना पोरगा म्हणाला, "आत्या, आता कार्ड कुठलं घ्यायचं?"

मी हसले नाही. आज हसू येतं.

आता तुम्ही म्हणाल, डेटा मिळाला, मग प्रकरण मिटलं. नाही मिटलं. दादाच्या लेखी कार्डाने मशीन जाळलं, आणि कार्ड मी सांगितलं होतं. मी १२ गुणिले १६ करून दाखवलं. तो म्हणाला, "मग तेव्हा का नाही सांगितलंस? पाचशे म्हटल्यावर तू चालेल म्हणालीस." यावर माझ्याकडे दोन उत्तरं आहेत आणि कुठलं खरं ते मला ठरवता येत नाही. एक, ५०० लिहिलेली वस्तू ५०० ची नसेल तर दोष लिहिणाऱ्याचा. दुसरं, अशा स्टिकरांचा अनुभव मला होता. फोन ठेवायची घाई असेल, किंवा सतरा प्रश्न विचारून दादाला कमी लेखतेय असं वाटायला नको असेल. तेव्हा मी प्रश्न विचारणारी बाई नव्हते. एका ओळीत उत्तर द्यायचे, सगळे खूश असायचे, आणि त्याचं मला सुखही होतं. पुरुषमंडळी कॉम्प्युटरचं मला विचारतात याचं तर जास्तच.

त्या वेळच्या माझ्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, तुझ्या स्वतःच्या पहिल्या मशीनला काय होतं? हजार रुपयांचा लोकल एसएमपीएस आणि जीटीएक्स १०५० टीआय. वर्षानुवर्षं चाललं, फुटलं नाही. मी म्हणते, ते कार्ड ७५ वॅटचं, स्लॉटमधूनच पॉवर घेणारं, त्याला वेगळी वायरसुद्धा लागत नाही. ती म्हणते, म्हणजे लोकल एसएमपीएस चालतो तर. मी म्हणते, त्या कार्डाला चालतो. ती म्हणते, मग सरसकट सगळ्यांना चार हजारांचा, ८० प्लस ब्राँझच्या शिक्क्याचा एसएमपीएस घ्यायला का लावतेस? तीस हजारांचं बजेट असलेल्या मुलाचं कार्ड त्यामुळे एका पायरीने खाली येतं, आणि ती पायरी त्याला रोज दिसते. तुझा एसएमपीएस त्याला कधीच दिसणार नाही. इथे मी गप्प बसते, कारण हे खरं आहे. पंधरा वर्षांच्या पोराला "मशीन फुटणार नाही" हे बक्षीस म्हणून देता येत नाही. आणि ब्राँझच्या शिक्क्याने तरी काय कळतं? ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते तेवढं मोजतो, तेही २३ अंश तापमानात. जळगावात मे महिन्यात २३ अंश कुठून आणणार?

तरी मी फोटो मागणं सोडलेलं नाही.

वायरिंगचं विचारते तेही सांगून टाकते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, असं तुमच्यापैकी कितीतरी जण सहज सांगतात, जणू ते कॅबिनेटचं वैशिष्ट्य आहे. घरात अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज पत्र्यावर येऊन बसते, मीटर लावला तर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो, माणूस मरत नाही. पण त्याच पत्र्याला टेकवून तुम्ही नवीन कार्डाची एचडीएमआय केबल चालू मशीनला लावता, आणि ती वीज कार्डातून वाट काढू शकते. आणि यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. भर गेममध्ये लाइट गेली की तो एक टूं करतो आणि मशीनसकट झोपतो. मग मला मेसेज येतो की कार्ड खराब निघालं.

दादाने पुढे दुकानासाठी वेगळा लॅपटॉप घेतला. मला न विचारता, आणि चांगला घेतला. आमचं बोलणं आहे, सणावारी जाणं-येणं आहे. फक्त कॉम्प्युटरचा विषय निघाला की तो चहा सांगायला आत जातो.

मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, पुण्यातच, तिघांत मिळून भाड्याचा फ्लॅट. गेल्या महिन्यात त्याने पूर्ण यादी करून आणली. आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं, कारण ८ जीबीवालं दोन वर्षांत रडवेल असं त्याचं म्हणणं, आणि ते मला पटतं. एसएमपीएससमोर ४५० वॅट लिहिलं होतं. मी ६५० म्हटलं. त्याने वही काढून कार्डाचे, प्रोसेसरचे, पंख्यांचे वॅट मांडले आणि १२ व्होल्टचे अँपिअर दाखवले: साडेसदतीस. म्हणजे पूर्णच्या पूर्ण ४५०. "आत्या, हा खरा साडेचारशे आहे. तूच शिकवलंस ना स्टिकर वाचायला?" मी झटक्यात वाढणाऱ्या ओढीचं सांगितलं, पुढच्या अपग्रेडचं सांगितलं, फ्लॅटच्या अर्थिंगचं विचारलं. तो म्हणाला, दोन हजार वाचतात, त्यात बरी एसएसडी येते.

हिशेब त्याचा बरोबर आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.