मॅगझिन भरण्याचे साधन आणि माझा अंगठा

ओहायोतला हिवाळा लांबतो, त्यामुळे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमच्या क्लबचा पिस्तूल नेमबाजीचा सराव बंदिस्त रेंजवर चालतो. ५० फुटांवर कागदी लक्ष्य, .२२ चे (म्हणजे ०.२२ इंच मापाच्या नळीचे) पिस्तूल, एकाच हाताने धरलेला नेम आणि एका वेळी पाच गोळ्या, असा हा इथला जुना प्रकार आहे. त्याला बुल्सआय म्हणतात. एका संध्याकाळी साधारण ९० गोळ्या झाडायच्या असतात. म्हणजे पाच-पाचच्या हिशेबाने १८ वेळा मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची डबी) भरायचे, आणि दर गोळीमागे एक, याप्रमाणे ९० वेळा एक लहानशी धातूची कळ अंगठ्याने खाली ओढून धरायची. नेमबाजीविषयी लिहिताना श्वास, दृष्टी, चाप ओढण्याची पद्धत यांवर पुष्कळ लिहिले जाते, परंतु या ९० ओढींबद्दल कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून आज त्यांच्याविषयीच लिहिते आहे.

माझे पिस्तूल रुगर मार्क फोर आहे. याच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावतात आणि त्याच्या एका बाजूला उभी खाच असते. आतल्या स्प्रिंगच्या डोक्यावर जी सरकती पट्टी असते, तिची कळ या खाचेतून बाहेर आलेली असते. कळ खाली ओढली की स्प्रिंग दबते, वर जागा होते आणि काडतूस आत सरकवता येते. स्प्रिंग काही फार ताठ नसते. त्रास होतो तो कळीच्या आकाराचा. ती हरभऱ्याच्या डाळीएवढी असते, तिच्यावर बोट घसरू नये म्हणून रेघा पाडलेल्या असतात आणि त्या रेघा पहिल्या तीन-चार मॅगझिनांतच कातडीवर उमटतात. माझ्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांच्या मुळाशी असलेला सांधा वयोमानाने झिजला आहे. डावा अधिक झिजलेला असल्यामुळे मी बरीच वर्षे उजव्या मुठीत मॅगझिन धरून उजव्याच अंगठ्याने कळ ओढत असे. तोच हात पुढे पिस्तूल धरत असल्याने व्हायचे ते झाले. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आले की पहिल्या तीस गोळ्यांचे गुण चांगले असतात आणि शेवटच्या तीस गोळ्यांत छिद्रे डावीकडे खाली उतरू लागतात. मी आधी चष्म्याला दोष दिला, मग मुठीच्या लाकडाला. क्लबमधल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला मॅगझिन भरताना पाहिले आणि एवढेच विचारले, “तुम्ही नेमाचा हात भरण्यात का खर्च करता?”

त्यानंतर मी मॅगझिन भरण्याची साधने पाहू लागले. .२२ साठी ती मुख्यतः दोन तऱ्हेची मिळतात. पहिल्या तऱ्हेत वर घसरगुंडीसारखा उतरता कप्पा असतो. त्यात काडतुसे पसरून साधन थोडे हलवले की ती एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून बसतात, आणि कळ खाली दाबून धरली की ओळच्या ओळ मॅगझिनमध्ये उतरते. दुसरी तऱ्हा फार साधी आहे: प्लास्टिकचा एक छोटा तुकडा मॅगझिनवर बसतो, त्याची खाच कळीला अडकते, आणि डाळीएवढ्या कळीच्या जागी दोन बोटे रुंद अशी सपाट पट्टी दाबायला मिळते. काडतुसे मात्र एकेक करून हातानेच सोडायची.

मी अर्थातच पहिली तऱ्हा आधी घेतली, कारण ती जलद होती. वेगाच्या मोहात .२२ च्या काडतुसाची घडण मी विसरले. या काडतुसाच्या बुडाला जी कडा असते ती नळकांडीपेक्षा थोडी रुंद असते, आणि बार पेटवणारे रसायन त्या कडेच्या आतच असते. म्हणून तर त्याला रिमफायर म्हणतात. मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक बसतात तेव्हा वरच्याची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. वरची कडा मागे राहिली, तर बोल्ट, म्हणजे पिस्तुलातला मागेपुढे सरकणारा भाग, जेव्हा वरचे काडतूस पुढे ढकलतो तेव्हा ते खालच्याच्या कडेला अडकते आणि दोन्ही जागच्या जागी रुतून बसतात. बोटांनी एकेक भरताना हे आपोआप जमते, कारण प्रत्येक काडतूस तिरपे आत जाते आणि खालच्यावरून मागे सरकत बसते. पाच काडतुसे एकदम मोकळ्या जागेत पडली आणि दाबलेली पट्टी झटक्यात सोडली, तर मात्र ती आत उड्या मारतात आणि कोणाची कडा कोणाच्या मागे गेली हे बाहेरून कळत नाही.

एका गुरुवारी, वीस सेकंदांत पाच गोळ्यांच्या फेरीत, माझ्या दोन गोळ्या सुटल्या आणि तिसऱ्या वेळी चाप नुसताच गेला. बोल्ट अर्धा उघडा होता आणि काडतूस नाक वर करून अडकले होते. नियमाप्रमाणे मी बोट चापावरून काढले, पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच ठेवले आणि डावा हात वर केला. फेरी संपल्यावर रेंज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली मॅगझिन बाहेर काढले, तेव्हा खालच्या दोन काडतुसांच्या कडा उलट्या अडकलेल्या स्पष्ट दिसल्या. साधनात काहीच बिघाड नव्हता. मी पट्टी सावकाश वर येऊ देण्याऐवजी सोडून दिली होती. संथ हाताच्या माणसाला ते साधन उत्तम काम देते हे मी आमच्याच क्लबमध्ये पाहिले आहे. मला मात्र त्या दिवसापासून दुसरी, साधी तऱ्हाच पटली आणि आजही मी तीच वापरते.

माझी पद्धत अशी आहे. टेबलावर रबराचा तुकडा अंथरते, त्यावर मॅगझिनचे बूड टेकवते आणि साधन त्यावर बसवून डाव्या तळहाताच्या गादीने दाबते. अंगठ्याचा सांधा मध्ये येतच नाही. एका काडतुसाच्या जाडीएवढीच पट्टी खाली नेते, त्याहून जास्त नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांनी काडतूस तोंड पुढे आणि बूड मागच्या भिंतीला टेकेल असे सोडते, मग पुढच्यासाठी पुन्हा तेवढेच दाबते. पाच झाली की साधन काढण्याआधी तळहात सावकाश उचलते, मॅगझिनची मागची बाजू हातावर एकदा हलकेच आपटते आणि बाजूच्या खाचेतून पाहते. काडतुसे सारख्या उतारावर एकमेकांना लागून दिसली पाहिजेत. याला बोटांनी भरण्याइतकाच वेळ लागतो. वेळ वाचतो म्हणून हे साधन घ्या, असे मी कोणाला सांगणार नाही. हात वाचतो, म्हणून सांगेन. त्या हिवाळ्याच्या अखेरीस माझ्या शेवटच्या तीस गोळ्या पहिल्या तीस गोळ्यांच्या जवळ येऊन बसू लागल्या, आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे.

नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा प्रश्न निराळा आहे. तिथे काडतुसे दोन रांगांत नागमोडी बसतात, स्प्रिंग बरीच ताठ असते आणि ओढायला बाहेर कळच नसते. वरचे काडतूस अंगठ्याने खाली दाबून पुढचे त्यावर मागे सरकवावे लागते. ग्लॉक १७ चे मॅगझिन १७ काडतुसांचे असते आणि त्यातली शेवटची तीन-चार भरताना चांगल्या धडधाकट माणसाचेही नख पांढरे पडते. म्हणून ग्लॉक कंपनी पिस्तुलाच्या पेटीतच एक छोटे भरण्याचे साधन देते. माझे यजमान इस्रायलच्या मॅगलुला कंपनीचे अपलुला वापरतात. ते नऊ मिलिमीटरपासून .४५ पर्यंतच्या बहुतेक सगळ्या मॅगझिनांना चालते. मॅगझिनवर बसवून मूठ आवळायची, खाली दाबायचे, काडतूस सरकवायचे, मूठ सैल करून वर घ्यायचे. पाच-सहा वेळा चुकल्यावर याची लय हाताला सापडते. ज्यांच्या बोटांत जोर नाही, पण तळहाताची पकड शाबूत आहे, त्यांच्यासाठी ते खरोखर उपकारक आहे. .२२ च्या मॅगझिनला मात्र ते चालत नाही. त्याच कंपनीचे धाकटे साधन वेगळे मिळते आणि तेही आपल्या मॅगझिनला बसते की नाही हे पाहूनच घ्यावे.

भरायचे कधी, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. लोक लक्ष्य बदलायला पुढे गेलेले असताना पिस्तुलाला हात लावायचा नाही, हा नियम सगळीकडे पक्का आहे. आमच्या क्लबमध्ये त्या वेळात मागच्या टेबलावर मॅगझिने भरण्यास परवानगी आहे. काही ठिकाणी तीही नसते, तेव्हा नव्या रेंजवर गेल्यावर आधी विचारून घ्यावे. मी घरून मॅगझिने भरून नेत नाही. रेंजवर पाच मॅगझिने ओळीने मांडून, प्रत्येकात पाचच काडतुसे आहेत हे मोजून ठेवते. मॅगझिनमध्ये दहा मावतात म्हणून दहा भरली, तर पाच गोळ्यांच्या फेरीनंतरही पिस्तूल भरलेलेच राहते, आणि ही चूक या खेळात अक्षम्य आहे.

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. तो इथे एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. माझी बॅग भरताना पाहून म्हणाला, “मावशी, मीही येऊ का? पिस्तूल नाही चालवणार, पण तुझा अंगठा दुखतो तर गोळ्या तरी भरून देतो.” मला त्याला नाही म्हणावे लागले, आणि कारण नीट बसवून सांगावे लागले. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसेही नाहीत. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही आडकाठी नाही. आपली कितीतरी मुले इथे कामाच्या व्हिसावर असतात, आईवडील पर्यटक व्हिसावर येतात, आणि हौसेने “एकदा रेंजवर जाऊन पाहू” असे ठरते. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. भाच्याने मग प्लास्टिकच्या नकली काडतुसांवर साधन वापरून पाहिले. त्याची बोटे माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत, आणि त्यानेही पहिल्याच झटक्यात कडा उलट्या अडकवल्या.

याच अनुषंगाने एक सूचना. रेंजची बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. .२२ चे काडतूस इंचभर लांबीचे असते, ते अस्तराच्या शिवणीत जाऊन बसते आणि विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रात दिसते. भारतात विनापरवाना एक जिवंत काडतूस सापडले, तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. माझी बॅग वेगळी आहे, तिचा रंगही वेगळा आहे आणि ती तळघराबाहेर फक्त रेंजसाठी निघते.

साधन वापरायला लागल्यापासून हात कमी काळे होतात, हाही एक फायदा मला मोलाचा वाटतो. .२२ च्या बहुतेक स्वस्त काडतुसांची गोळी उघड्या शिशाची असते आणि तिला वरून वंगण लावलेले असते. ते बोटांना चिकटते. बार पेटवणाऱ्या रसायनातही बहुधा शिसे असतेच. साधनामुळे काडतूस बुडाकडून धरता येते आणि गोळीला बोट कमी लागते, तरी रेंजवर मी काहीही खात नाही, निघताना गार पाण्याने आणि साबणाने हात व तोंड धुते आणि ते कपडे घरी वेगळे धुते. ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांनी याबाबत अजिबात आळस करू नये.

मी मूळची कोल्हापूरची. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.मध्ये जमिनीवर पालथे पडून .२२ ची रायफल चालवली होती, आणि तेव्हा मोजून पाचच गोळ्या मिळत. त्या हातात घेताना जी काळजी वाटे, ती अजून गेलेली नाही. पुढे कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा मी इथे पहाटे जागून बातमी वाचली होती. त्यांच्याही प्रकारात मॅगझिनमध्ये पाचच काडतुसे असतात आणि जलद टप्प्यात प्रत्येक गोळीला तीन सेकंद मिळतात. नळी जमिनीच्या दिशेने झुकवून थांबायचे, खूण होताच हात उचलायचा, नेम साधायचा आणि गोळी सोडायची. त्या तीन सेकंदांत मॅगझिनचा विचार मनात येऊन चालत नाही. ते आधीच बिनचूक भरलेले असावे लागते.

पुढच्या गुरुवारी आमची या हिवाळ्यातली पहिली फेरी आहे. साधनाला मी लाल सुतळी बांधली आहे, कारण काळे प्लास्टिक काळ्या बॅगेत सापडत नाही. काल रात्री रबराचा तुकडा धुऊन वाळत घातला, पाचही मॅगझिने उघडून आतला काळपट वंगणाचा थर पुसून काढला आणि त्यांतल्या एकाची स्प्रिंग थकल्यासारखी वाटली म्हणून नवी मागवली आहे.