जबड्याच्या ऑपरेशननंतर पुढची फट पुन्हा उघडते का?

दाढा घट्ट मिटल्या तरी पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत आणि मधे आडवी फट राहते, अशा मुलामुलींना घेऊन औसा, निलंगा, उदगीर, कधी अंबाजोगाईहूनही पालक माझ्या लातूरच्या दवाखान्यात येतात. जबड्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की खर्चापाठोपाठ प्रश्न येतोच : "डॉक्टरसाहेब, एवढं करून फट परत तर पडणार नाही ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बहुतेकांची पडत नाही, काहींची थोडी पडते, आणि कोणाची पडण्याची शक्यता जास्त आहे याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो.

या फटीचे मूळ पुष्कळदा मागे असते. वरच्या जबड्याचा मागचा भाग प्रमाणाबाहेर खाली उतरलेला असतो. बिजागरीपाशी खडा अडकला की दार पुढून मिटत नाही, तसे दाढा आधी टेकतात आणि खालचा जबडा तिथेच अडतो. म्हणून शल्यचिकित्सक वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर आडवा कापून मागून काही मिलिमीटर वर उचलतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी बसवतात. खालचा जबडा मग आपोआप फिरून वर मिटतो. वरचा जबडा वर उचलणे हा जबड्याच्या शस्त्रक्रियांतील सर्वांत टिकाऊ बदलांपैकी एक आहे, हे अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ) विल्यम प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा शस्त्रक्रियांची टिकाऊपणानुसार क्रमवारी लावताना दाखवले. त्याच क्रमवारीत वरचा जबडा रुंद करणे तळाशी आहे, आणि फट असलेल्यांचा वरचा जबडा अनेकदा अरुंदही असतो. त्यामुळे जबडा दोन-तीन तुकड्यांत कापून रुंद करायचा असेल, तर मी पालकांना जास्त सावध उत्तर देतो.

आकडाच हवा असेल तर, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि केवळ दातांना तारा (ब्रेसेस) लावून उपचार झालेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के रुग्णांचे पुढचे दात वर्षभरानंतरही एकमेकांवर येत होते. फरक थोडाच दिसतो, पण ऑपरेशनकडे मुळात अवघड रुग्ण जातात, हे विसरून ही तुलना करू नये.

दात टिकले म्हणजे हाड तसूभर हलले नाही, असेही नाही. काही रुग्णांत नंतरच्या काळात चेहऱ्याची उंची थोडी वाढते, तरी पुढचे दात हिरडीतून थोडे आणखी बाहेर येऊन भेट टिकवून धरतात. ऑपरेशननंतरच्या दर तपासणीत मी पुढच्या दातांत कागदाची पातळ पट्टी धरायला देतो आणि हलकेच ओढतो. ती सहज सरकून आली, तर आधीचे प्लास्टरचे साचे कपाटातून काढून शेजारी ठेवतो. बदल दातांत आहे की जबड्यात, हे मात्र एक्स-रेशिवाय ठरवत नाही.

ऑपरेशनआधीच्या तारा हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पुढचे दात तारेने ओढून फट आधीच अर्धी मिटवली, तर घरचे खूश होतात. पण ओढून आणलेले दात तारा निघाल्यावर मागे सरकू पाहतात आणि ऑपरेशन फसले असा बोभाटा होतो. चांगल्या नियोजनात फट ऑपरेशनपर्यंत तशीच दिसते, क्वचित वाढतेही, आणि ते तसेच असायला हवे. लग्न ठरले म्हणून वाढ पूर्ण होण्याआधी घाई करणेही असेच महागात पडते.

जीभ नेहमी दातांच्या मधे टेकलेली असणे, नाक चोंदल्याने तोंडाने श्वास घेणे, ही कारणे ऑपरेशनने जात नाहीत. त्यांच्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ, जिभेचे व्यायाम आणि रात्री रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारे साधन) लागतो. खरी चिंता वाटते ती कानापुढच्या सांध्यातील हाडाचे टोक झिजू लागले की. हे विशेषतः तरुण मुलींत, ऑपरेशनने खालचा जबडाही पुढे आणला असेल तर आढळते. हनुवटी हळूहळू मागे जाते आणि फट पुन्हा दिसू लागते. अशा वेळी दुसऱ्या ऑपरेशनची मागणी लगेच होते, पण झीज थांबल्याचे काही काळाच्या अंतराने घेतलेल्या एक्स-रेंत दिसेपर्यंत मी ते सुचवत नाही. सांधा स्थिर असून फट जेमतेम मिलिमीटरभर असेल, आणि खाणेपिणे, बोलणे नीट चालले असेल, तर पुन्हा चिरफाड करूच नका, असे मी स्पष्ट सांगतो.