१६२ मधल्या तीन मॅच

१८ मे २०२५, रविवार. रात्रीचे साडेअकरा.

हरलो. आम्ही शिकागोच्या व्हाइट सॉक्सवाले, याच शहरातल्या कब्सशी बेसबॉलच्या तीनही मॅच हरलो. शुक्रवारी १३-३, काल ७-३, आज ६-२. पोरीने तिच्या खोलीच्या दारावर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू असलेला झेंडा टांगलाय, कब्स जिंकले की त्यांच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, चढवतात तसला, आणि तो मुद्दाम असा टांगलाय की मला बाथरूमला जाताना त्याच्या खालून वाकून जावं लागतं. जेवताना मी म्हटलं मला काही फरक पडत नाही, सीझन मोठा असतो, तर बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "मग आमटीत तिसऱ्यांदा मीठ कशाला घालतोयस?"

तर तेव्हापासून हेच डोक्यात चाललंय की बाबा रे, तुला नक्की फरक पडतो का आणि पडत असेल तर का, कारण हिशोबाने बघितलं तर अजिबात पडू नये.

हिशोब आज मेट्रात, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसल्या बसल्या बाबांना सांगितला. बाबा दादरहून आलेत, दोन महिन्यांसाठी, क्रिकेट सोडून दुसरा खेळ त्यांना खेळ वाटत नाही, तरी नातीसाठी आले. शिकागोत दोन टीम, उत्तरेला कब्स, दक्षिणेला व्हाइट सॉक्स. कब्स नॅशनल लीगमध्ये, सॉक्स अमेरिकन लीगमध्ये. म्हणजे दोघांचे पॉइंट टेबलच वेगळे. सीझनला १६२ मॅच, त्यातल्या आता सहा एकमेकांशी, तीन इकडे तीन तिकडे. आम्ही कब्सला हरवलं तरी आमच्या टेबलात तो एकच विजय, कुठल्याही टीमला हरवल्यासारखा, आणि ते आमच्या टेबलात नसल्यामुळे त्यांचं नाक कापून आमचा काही फायदा नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "मग या मॅचला अर्थ काय?" पोरगी म्हणाली, "आजोबा, हीच तर मॅच आहे!" झालं, माझा सगळा हिशोब पाण्यात.

मी सॉक्सवाला कसा झालो त्यात निष्ठा वगैरे काही नाही, खिडकी आहे. २००४ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला आलो इथल्या आयआयटीत, म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ज्याबद्दल आईने सोसायटीत नुसतंच "आयआयटी" सांगून ठेवलं होतं आणि लोकांनी पवई समजून पेढे खाल्ले होते, आम्हीही कुणाला दुरुस्त केलं नाही. हे कॉलेज हायवेच्या एका अंगाला आणि सॉक्सचं स्टेडियम दुसऱ्या अंगाला, मध्ये रेड लाइनचं स्टेशन. सॉक्सच्या माणसाने होमरन (आपला सिक्सर समजा) मारला की स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात, ही १९६० पासूनची तऱ्हा. मला बेसबॉलचा ब कळत नव्हता, पण नवीन देशात, थंडीत, एकटा, आणि रात्री एकदम फटाके वाजले की दिवाळीसारखं वाटायचं. रूममेट म्हणाला कुणीतरी होमरन मारला. मी म्हटलं छान, आपलीच टीम.

आणि नशीब बघा, पुढच्याच वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली फायनलची सिरीज, जिंकली, १९१७ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ८८ वर्षांनी. दुसऱ्या मॅचला पाऊस, आम्ही सात जण एका खोलीत टीव्हीसमोर, आमच्या कोनेर्कोने ग्रँड स्लॅम, म्हणजे एकदम चार रन देणारा होमरन, मारला तेव्हा आधी टीव्हीवर बघितलं की आधी खिडकीतून आवाज आला यावरून नंतर वाद झाला. मग शेवटी पॉडसेडनिकने मॅच संपवणारा होमरन मारला, ज्या माणसाने अख्ख्या नेहमीच्या सीझनमध्ये एकही मारला नव्हता. मला वाटलं बेसबॉल हे असंच असतं, दर वर्षी असंच होतं. वीस वर्षं झाली वाट बघतोय.

पण खरी बोच पुढे आहे. २०१६ ला कब्स जिंकले, १०८ वर्षांनी, सातव्या मॅचच्या दहाव्या इनिंगमध्ये (एरवी नऊच असतात), मध्ये पाऊस, ८-७, नाटकच सगळं, आणि अख्खा देश रडला. बातम्या, डॉक्युमेंटऱ्या, टीशर्ट. मी ऑफिसात म्हटलं की आम्ही पण ८८ वर्षं थांबलो होतो, तर शेजारच्या टेबलावरचा माणूस, इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला, मला म्हणतो, "अरे हो, सॉक्स पण जिंकले होते ना मधे कधीतरी?" मधे कधीतरी! हे जे "पण" आहे ना त्याच्यावर अख्ख्या साउथ साइडचा राग उभा आहे. तो द्वेष करत असता तर चाललं असतं, त्याला आठवतच नव्हतं.

माझ्या मते या भांडणाचं खरं मर्म इथेच आहे. कब्सवाल्याला विचारा तुझा दुश्मन कोण, तो सेंट लुइस कार्डिनल्स म्हणेल, हल्ली मिलवॉकी म्हणेल. सॉक्सवाल्याला विचारा, तो मिनेसोटा किंवा क्लीव्हलंड म्हणायला हवा, कारण टेबलात पाय ओढणारे ते आहेत, पण तो म्हणेल कब्स. आणि असं म्हटल्यावर त्यालाच राग येईल की आपण का म्हटलं. एकतर्फी प्रेम असतं तसं हे एकतर्फी वैर, बहुतेक वेळा. क्लीव्हलंडने हरवलं तर सोमवारी ऑफिसात क्लीव्हलंडचा कुणी नसतो. कब्सने हरवलं तर कब्सवाला कॉफी मशीनपाशी आधीच येऊन उभा असतो. उद्या असणार आहे, मला माहितीय, मी कॉफी घरून नेणार आहे.

रिग्ली मात्र सुंदर आहे, हे मी पोरीसमोर म्हणत नाही, इथे लिहितो. १९१४ चं स्टेडियम, आजूबाजूला घरं, मैदानाच्या मागच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेला वेल. बाबांनी पहिला प्रश्न तोच विचारला, बॉल वेलीत अडकला तर? म्हटलं फील्डरने हात वर करायचे, मग बॅटरला दोन बेस, म्हणजे रनच्या वाटेवरचे दोन टप्पे, मिळतात, जास्त नाही. बाबा एकदम खूश. "म्हणजे आमच्या वाडीत जोशांच्या गॅलरीत गेला की दोन रन, तसंच की!" त्यानंतर त्यांना खेळ समजायला लागला, किंवा त्यांनी तसं ठरवलं. ऊन लागतंय म्हणून नातीने त्यांना कब्सची निळी टोपी घातली. मी काही बोललो नाही. सख्खा बाप.

स्टेडियममध्ये बघत होतो, किती जणांना खरंच पडलेलं असतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर बऱ्याच जणांना नाही. आमच्या पुढच्या रांगेतली चार पोरं पूर्ण दोन इनिंग फोटो काढत होती. सॉक्सचे काळे जर्सी बरेच होते, पण आधीच हरल्यासारखे बसलेले, गेल्या वर्षी १२१ मॅच हरलेल्या टीमचे लोक आहेत ते, आधुनिक बेसबॉलमधला सगळ्यात वाईट सीझन, त्यातही कब्सशी चारच्या चार हरलो होतो. आमच्या मागे एक म्हातारे गृहस्थ, सॉक्सची जुनी, रंग उडालेली टोपी, शेजारी त्यांचा बहुतेक मुलगा असावा, तो कब्सचा. पूर्ण मॅचभर एकमेकांशी एक शब्द नाही, फक्त सॉक्सची एखादी चूक झाली की मुलगा शेंगदाण्याची पिशवी मुकाट्याने बापापुढे करायचा आणि बाप मुकाट्याने घ्यायचा. बाबा आणि मी दोघांनी ते बघितलं.

सातव्या इनिंगला सगळं स्टेडियम उभं राहून गाणं म्हणतं, ते रिग्लीचं म्हणून जगप्रसिद्ध. मी बाबांच्या कानात सांगितलं की ही प्रथा हॅरी कॅरे नावाच्या कॉमेंटेटरने आमच्या मैदानावर सुरू केली, मग १९८२ ला तो कब्सकडे गेला आणि गाणं पण घेऊन गेला. पोरगी म्हणाली, "बाबा, प्लीज, आज नको." तिने हे आधी ऐकलंय म्हणे. ऐकलं असेल.

आता हे सगळं खरंच मनातून येतं की विकलं जातं, हा एक किडा आहेच. १९०६ साली एकदाच हे दोघे वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर आले, कब्स त्या वर्षी ११६ मॅच जिंकून आले होते आणि सॉक्सना लोक हिटलेस वंडर्स म्हणायचे, बॅटिंगच नव्हती, आणि सॉक्स ४-२ ने जिंकले. ती खरी मॅच, पणाला काहीतरी होतं. त्यानंतर कित्येक वर्षं नुसते प्रदर्शनी नाहीतर चॅरिटीचे सामने, त्यातल्या १९९४ च्या सामन्यात तर बास्केटबॉलवाला मायकेल जॉर्डन सॉक्सकडून रिग्लीवर खेळला आणि मॅच सुटली ४-४ अशी बरोबरीत. सीझनमधली खरी मॅच १९९७ पासून. मग २०१० ला एका तेल कंपनीच्या नावाचा कप आला. यंदा तर लीगनेच ठरवून टाकलं की हा वीकेंड भांडणांचा, न्यूयॉर्कमध्ये पण यँकीज-मेट्स याच तीन दिवसांत. भांडणाला कॅलेंडरमध्ये तारीख दिली की ते लग्नाच्या वाढदिवसासारखं होतं, करायचं म्हणून करायचं, असं बायको म्हणाली. (ती नागपूरची, तिला दोन्ही टीमशी घेणं नाही, तिने मॅचऐवजी झोप घेतली आणि घरात आज तीच सगळ्यात ताजी आहे.)

पण ठरवून आणलेलं असलं तरी कधीकधी खरं निघतं. २००६ च्या मे महिन्यात आमच्या मैदानावर आमचा पिअर्झिन्स्की धावत येऊन कब्सच्या कॅचरवर (आपला विकेटकीपर), बॅरेटवर, आदळला, होम प्लेटला, म्हणजे जिथे पोचलं की रन होतो तिथे, हात मारला, आणि उठला तोवर बॅरेटने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. दोन्ही टीम मैदानात. बॅरेटला दहा मॅचची बंदी, मॅच आम्ही ७-० ने जिंकलो. आजही कुठलाही सॉक्सवाला तुम्हाला त्या बुक्कीचा कोन दाखवून देईल, स्कोअर विचारा, अर्ध्यांना आठवणार नाही.

परतताना बाबांना मी विचारलं, तुमच्याकडे असं होतं का काही. म्हणजे मुंबई-दिल्ली रणजी वगैरे नाही, एकाच गावातलं. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना. आणि जे सुटले ते शिकागोचं युनियन स्टेशन येईपर्यंत. दादर युनियनकडे वासू परांजपे, सुनील गावसकर, मैदान माटुंग्याला, आणि शिवाजी पार्क तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यांच्याकडे वाडेकर. बाबा कुठल्याच क्लबचे मेंबर नव्हते, नुसते कडेला उभे राहणारे, एकदा हापिसात आजारी असल्याचं सांगून मॅच बघायला गेले तर साहेबच समोर उभे, समोरच्या पार्टीचे. साहेबांनी नंतर रजेबद्दल चकार शब्द काढला नाही, पण मॅच हरल्यावर आठवडाभर फायली परत पाठवत होते. मी म्हटलं बाबा, पण तिथे निदान ट्रॉफी तरी असायची. बाबा म्हणाले, "ट्रॉफी कुठे बघितलीय आम्ही. मंगळवारी साहेबांच्या केबिनमध्ये जायचं होतं, ते बघितलंय."

एक गोष्ट लिहायची राहिलीच. गेले दहा दिवस मी जो उड्या मारत होतो त्याचं कारण पोप. ८ मेला नवे पोप निवडले गेले, लिओ चौदावे, शिकागोचे, आणि कब्सवाल्यांनी लगेच रिग्लीच्या लाल बोर्डावर लावून टाकलं की आपलाच माणूस. मग पोपच्या सख्ख्या भावाने टीव्हीवर सांगितलं की छे, तो कायम सॉक्सचा. आणि नंतर कुणीतरी २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचचं चित्रण शोधून काढलं, गर्दीत हे बसलेले, सॉक्सच्या जर्सीत! म्हणजे मी हायवेच्या या बाजूला खिडकीत आणि पोप त्या बाजूला खुर्चीत. मी ख्रिश्चन नाही, देवळात पण सणासुदीलाच जातो, पण ऑफिसात मी तो व्हिडिओ किती जणांना दाखवला याची गणती नाही. १२१ हरल्यानंतर एवढा आनंद मॅच जिंकूनही झाला नसता. आणि मग हा वीकेंड, आणि १३-३. शुक्रवारी मॅचनंतर संध्याकाळी शिकागोत चक्क धुळीचं वादळ आलं, आकाश मातकट, समोरचं दिसेना, इथे असं कधी होत नाही. पोरगी म्हणाली पोपने तुमच्यासाठी पाठवलंय, तोंड लपवायला.

अकरा वर्षांची आहे ती. ती कब्सची झाली कारण आम्ही नेपरव्हिलला, शिकागोच्या उपनगरात, घर घेतलं आणि तिच्या वर्गात सगळे कब्सचे. तिचीपण खिडकीच, तिची दुसरीकडे उघडली. पण आज सहाव्या इनिंगला सॉक्सच्या एका बॅटरने बरा फटका मारला आणि मी नकळत अर्धा उभा राहिलो, बॉल पकडला गेला, मी बसलो, तेव्हा तिने माझ्याकडे न बघता तिचे नाचोज माझ्याकडे सरकवले. मागच्यांचं बघून केलं असेल. नाचोज गार झाले होते.

परतीची तीन मॅचची सिरीज आमच्या मैदानावर आहे, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, २५ ते २७. बाबांचं परतीचं तिकीट २० चं आहे. मघाशी दिवा बंद करायला गेलो तर जागेच होते, निळी टोपी उशाशी. म्हणाले, तारीख बदलायला एअरलाइनवाले किती घेतात रे, आणि तुमच्याकडची काळी टोपी मिळते कुठे.

कुठल्या बाजूने बसणार ते मी विचारलं नाही.