हेडचा स्क्रू

रविवार, रात्री

मारुती आठशेमधला कॅसेटचा टेप काढून टेबलावर घेतला. बरेच दिवस रडत होता. गेल्या महिन्यात स्टिरिओवाल्याला दाखवला, तर त्याने उघडलाही नाही. "काका, हे काढा. ब्लूटूथवाला बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम." मग कोण त्याच्याकडे परत जातंय!

वरचं झाकण काढलं. हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर, तपकिरी थर, रबरी चाक गुळगुळीत. नवल नाही. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. ऐकायला किरकोळ, पण नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू संपेतो जवळजवळ १२९ मीटर फीत हेडला घासून जाते आणि जाताना थोडी भुकटी मागे ठेवते. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड, कॅपस्टनचा (फीत ओढणारा फिरता) दांडा आणि चाक पुसलं. कापूस पांढरा निघेपर्यंत पुसत राहायचं, बस.

टेप रडला की सगळे आधी बेल्टवर आळ घेतात. कधी खराही असतो. पण फीत पुढे सरकते ती दांडा आणि रबराच्या चिमटीतून. रबर निबर झालं की पकड सुटते. त्यात आमच्याकडे कॅसेट आत तशीच ठेवून गाडी बंद करायची सवय. या जुन्या टेपमध्ये किल्ली काढली तरी चाक दांड्याला दाबलेलंच राहतं आणि रबराला खाच पडते. घरात पुन्हा एकदा बजावून सांगितलं. ऐकतील असं नाही.

बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडून लावून बघितला. रडणं थांबलं, पण आवाज घोंगडी पांघरून गायल्यासारखा. म्हणजे हेडचा कल. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवरचा बारका स्क्रू असतो. हेडमधली फट फितीच्या धावेला काटकोनात असली तरच वरचे सूर मोकळे येतात. केसभर फिरवलं तरी फरक कळतो. (स्क्रू ड्रायव्हर चुंबक नसलेलाच हवा.)

खरा घोळ इथे झाला. विकतच्या कॅसेटवर आवाज जुळवला, की गावच्या सप्त्यातली, आबांनी टू-इन-वनवर भरलेली भजनं मंद. भजनांचे टाळ मोकळे झाले, की विकतची मंद. दोन्ही बरोबरच आहेत. आबांच्या टू-इन-वनचं हेड जसं कललेलं होतं, तसाच आवाज फितीवर तिरका बसलाय. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं, त्यामुळे तो कल आता फक्त या कॅसेटींत उरलाय.

नियमाप्रमाणे विकतच्या कॅसेटला धरून चालायचं. मी भजनांना धरून जुळवलं. विकतची गाणी काय, मोबाइलवरही मिळतात.

खड्ड्यांत स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. बाटली हिच्या कपाटातली, रंग गडद गुलाबी. अजून विचारलेलं नाही. टेप उद्या ऑफिसहून आल्यावर बसवीन. आणि उन्हाचे दिवस सुरू झालेत, तेव्हा डॅशबोर्डवरच्या कॅसेटी आजच घरात आणायला हव्यात. उन्हात कवच वाकलं की फीत अडकलीच.