दोर कुणी ओवले?

परवा अण्णांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ टेलिस्कोपचा व्हिडिओ पाठवला, तोच तो, डिसेंबर 2020 चा, केबल तुटतात आणि 900 टनांचा सांगाडा खालच्या 305 मीटरच्या डिशवर कोसळतो. नारायणगावच्या ग्रुपवर तो आत्ता का फिरतोय देव जाणे. खाली अण्णांचा व्हॉइस मेसेज, "अगं, याचे दोर कुणी ओवले होते?"

नव्वदच्या दशकात अण्णा खोडदच्या रेडिओ टेलिस्कोपच्या कामावर कंत्राटदाराकडे रोजंदारीवर होते. 45 मीटरची एकेक डिश, अशा 30, आणि त्यांची बारीक तारेची जाळी स्टीलच्या दोरांवर ताणून बसवलेली. जाळी बांधताना कापलेल्या बोटांचे व्रण अजून दिसतात. त्यामुळे दोर म्हटलं की आमच्या घरात सगळे गप्प बसून ऐकतात.

शोधलं तर नाव निघालं हेलिआस दुंदुलाकिस. पोर्तो रिकोत त्या दरीवर तीन टॉवरच्या केबलांना सांगाडा टांगायची जी पद्धत, तिच्या 1966 च्या पेटंटवर इतरांबरोबर त्यांचं नाव आहे. आणि माणूस राहायचा कुठे, तर इथेच, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, जिथं मी राहते! नोकरी ग्रमनमध्ये, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान जिथं बनलं तिथं, बेथपेजच्या त्या जुन्या जागेवरून मी रोज ऑफिसला जाते आणि मला पत्ता नाही.

बाकीचं वाचून तर मी चहा गारच केला. जन्म 1923, ओहायोतला, पण आईवडील दोन वर्षांच्या पोराला घेऊन परत ग्रीसच्या क्रीट बेटावर, अरखानेस गावात. मे 1941 मध्ये तिथं जर्मन पॅराशूटनी उतरले तेव्हा हा 17 वर्षांचा. भाऊ जॉर्जबरोबर ब्रिटिशांसाठी गुपचूप कामं केली, 1943 मध्ये अंगाशी आल्यावर इजिप्तला पळाले, कैरोत अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तहेर संघटनेनं हेरगिरी शिकवली आणि पुढच्या वर्षी ग्रीसमधल्याच सालोनिका शहरात, जर्मनांच्या नाकाखाली, वायरलेस लपवून संदेश पाठवत बसले. युद्ध संपल्यावर न्यूयॉर्क, सिव्हिल इंजिनिअरिंग, नोकरी, संसार.

आणि यातलं बरंचसं कित्येक वर्षं कुणाला सांगितलंच नाही, गुप्ततेची शपथ होती म्हणून! ओएसएसच्या हजारो फाइली 2008 मध्ये खुल्या झाल्या. आपल्याकडे भाऊंच्या पुतण्याच्या वाढदिवसाला बसस्टँडपासून बाजार समितीपर्यंत फ्लेक्स, त्यावर गॉगल लावलेली तीसेक मुंडकी, भावी अमुक, युवा तमुक, आणि त्या फ्लेक्सनी खोडदकडे जायची पाटीच झाकलेली असते, हे मी स्वतः बघितलंय, गेल्या सुट्टीत त्यापायी आम्ही चुकून दोन किलोमीटर पुढे गेलो होतो. खोडदची जाळी बांधणाऱ्यांचा एक तरी फ्लेक्स कुणी लावलाय का कधी? असो. इथेही ऑफिसात कुणी हे नाव ऐकलेलं नव्हतं, तेव्हा इथल्यांनी फार शहाणपणा करू नये. लंचला एकजण म्हणाला, इंडियात पण रेडिओ टेलिस्कोप आहे? म्हटलं तुमची एक होती, पडली, आमच्या तीसच्या तीस उभ्या आहेत. जरा जास्तच जोरात बोलले, मान्य.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. जन्मानं ते अमेरिकनच, पण वाढले गावात, आणि जवान झाल्यावर इकडे परत आले. माझा लेक जन्मला इथे, वाढतोय पण इथेच. आई फोनवर म्हणते त्याला दोन वर्षं तरी इकडे ठेव, मराठी पक्की होईल. मी म्हणते शाळा, व्हिसा, माझं प्रोजेक्ट. सगळी कारणं खरी आहेत हं, मी काही उगाच थांबलेली नाही. अरखानेसला त्यांचंही कुणीतरी वाट बघणारं असणारच ना?

रात्री अण्णांना फोन लावून सगळं सांगितलं, हेर, चंद्राचं यान, पेटंट. ते हेराच्या भागात फारसे रमले नाहीत. केबल किती होत्या, ताण कसा द्यायचे, गंज कसा तपासायचे, हेच विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "ते पडलं तेव्हा हे म्हातारे हयात होते का गं?"

म्हटलं, नाही, 2016 मध्येच गेले, 92 वर्षांचे होऊन.

"बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि मग बराच वेळ टोमॅटोच्या क्रेटचा भाव सांगत बसले.