आमची वाटचाल : भिंतीवरच्या दोन रेघा

सांगलीत मारुती रोडपासून जवळच आमचा छापखाना आहे. आत आलात की डाव्या हाताच्या भिंतीवर दोन रेघा दिसतात. वरची ऑगस्ट २०१९ ची, ती पप्पांनी स्टुलावर उभं राहून मारली. खालची जुलै २०२१ ची. ती मी मारली, कारण तोवर पप्पा नव्हते. नवीन गिऱ्हाईक रेघांकडे बघतं आणि विचारतं, "एवढं पाणी होतं? मग परत उभं कसं केलं?" दरवेळी काउंटरवर पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पप्पांचा जन्म मिरजेचा, मिशन हॉस्पिटलमधला. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली उभारलेलं ते हॉस्पिटल. आमचे आजोबा तिथेच वॉर्डबॉय होते. पप्पांना शाळेपेक्षा अक्षरांच्या खिळ्यांची, म्हणजे छपाईसाठी शिशात ओतलेल्या एकेका उलट्या अक्षराची, ओढ जास्त. सोळाव्या वर्षी कोल्हापूरच्या एका छापखान्यात जुळारी म्हणून, म्हणजे खिळे जुळवून ओळी तयार करायला, लागले आणि १९७८ साली सांगलीत स्वतःचं एक जुनं ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाई मशीन, घेऊन बसले. पहिली चार वर्षं फक्त लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि चर्चचे उपासनाक्रम. मी कॉमर्स करून २०११ मध्ये धंद्यात आले, २०१४ मध्ये कर्ज काढून जुनं ऑफसेट, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापणारं मशीन, घेतलं. तेव्हापासून खिळ्यांच्या केस, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेट्या, मागच्या खोलीत गेल्या. ट्रेडल ठेवलं ते नंबरिंग, परफोरेशन आणि पत्रिकांच्या क्रीझिंगसाठी. मोटर लावली होती, पण पायटा, म्हणजे पायाने मशीन चालवायची पट्टी, पप्पांनी काढू दिला नाही. खिळे भंगारात घालू या, शिशाला भाव चांगला आहे, असं मी दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळेला पप्पा नुसते उठून बाहेर गेले.

लहानपणी पप्पा मला एक गोष्ट सांगायचे. विल्यम केरी हा इंग्लंडमधला मूळचा चांभारकाम करणारा माणूस, १७९३ साली बंगालात आला. पुढे तिथल्याच श्रीरामपूरच्या मिशनच्या छापखान्यात, वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने, त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. आपल्या भाषेचं पुस्तक बंगालात छापलं गेलं, याचा पप्पांना फार अभिमान. मग गोष्ट पुढे सरकायची. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी त्या छापखान्याला आग लागली. कागद जळाला, कित्येक भाषांचे खिळे वितळले, केरीने वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या शब्दकोशाची हस्तलिखितं राख झाली. राख उपसताना मात्र खिळे ओतायचे पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळलेलं शिसं गोळा करून त्याच ठशांवरून पुन्हा खिळे ओतायला सुरुवात झाली. पुढच्या रविवारी केरीने स्तोत्र ४६ वर प्रवचन केलं, शांत राहा आणि मीच देव आहे हे ओळखा, या वचनावर. एका पत्रात त्याने असंही लिहिलं होतं की एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना जास्त सोपी आणि खात्रीची वाटते.

मला ती गोष्ट तेव्हा गोष्टच वाटायची.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, म्हणून त्या पाण्याच्या वर दोन फूट टेबलं रचून कागदाची रिमं ठेवली आणि मिरजेला घरी आलो. आपण फार शहाणपणा केला असं वाटत होतं. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला होते. म्हणजे आमचा ऐन सीझन. बावीस मंडळांची वर्गणीची पावती पुस्तकं बांधून, लेबल लावून तयार होती. आठ दिवसांनी शटर वर केलं तेव्हा ती सगळी पुस्तकं मिळून एकच फुगलेला राखाडी गठ्ठा झाला होता. कॉम्प्युटर, प्लेटमेकिंगचं सामान, कटिंग मशीनची मोटर, ऑफसेटचं पॅनेल, सगळ्यात चिखल. त्या चिखलाला एक वास असतो. पूरग्रस्त भागातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. विमा होता, पण हप्ता कमी बसावा म्हणून पुराचं संरक्षण मीच घेतलं नव्हतं. ती चूक माझी. बँकेचं कर्ज अजून सव्वाचार लाख बाकी होतं.

मी दारातच पायरीवर बसले. पप्पा मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ मागच्या खोलीत गेले. केसचे कप्पे लाकूड फुगून घट्ट बसले होते, ते पटाशीने उचकटावे लागले. पहिला कप्पा बाहेर आला तो नुसता मातीने भरलेला. पप्पांनी बोट घातलं, एक खिळा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि उजेडात धरला. 'भ' होता. उलटा, जसा खिळ्यावर असतो तसा. कडा अगदी स्वच्छ. शिशाला पाणी काय करणार?

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेबी, ठसे आहेत."

मला त्या क्षणी रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मी फार भाबडी बाई नाही. हिशेब मला कळतो. चार-सहा मण शिशाने साडेअकरा लाखांचं नुकसान भरून निघत नाही, हेही मला तिथेच कळत होतं. पण त्या पायरीवरून उठायला मला काहीतरी हवं होतं, आणि ते मिळालं.

पुढचे तीन दिवस आम्ही खिळे धुतले. बादली, पिठाची जुनी चाळणी, रॉकेल, मग सोड्याचं पाणी, मग फडक्यावर वाळवण. आमचे मशीनमन, ज्यांना सगळा रोड मामा म्हणतो, त्यांनी ट्रेडल डिझेलने पुसून काढलं. त्यांचं स्वतःचं घर पाण्यात होतं, बायकोमुलं शाळेतल्या छावणीत होती. तरी सकाळी सातला ते हजर. त्यांची श्रद्धा वेगळी, माझी वेगळी. ते कामाला हात लावताना 'बिस्मिल्ला' म्हणतात आणि मी मनात 'प्रभू' म्हणते.

चौथ्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन आला. मिरजेच्या चर्चच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठी किट वाटायचे होते, पीठ, तांदूळ, डाळ, तेल. गर्दी आवरेना, एकाला दोनदा आणि एकाला काहीच नाही असं होत होतं. नंबर घातलेली पाचशे कुपनं हवी होती. कुठेतरी बाहेरून छापून आणता का, असं ते विचारत होते. पप्पा म्हणाले, "बाहेरून कशाला?"

लाईट नव्हती. कागद नव्हता. माळ्यावर मात्र लग्नपत्रिकांचे जुने नमुने कोरडे होते, गुलाबी, पिवळे, मोतिया. पप्पांनी खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली आणि 'एक कुटुंब, एक किट' एवढी ओळ जुळवली. वय ७१, हात थोडे थरथरायचे, पण केसमध्ये कुठला खण कुठे हे बोटांना पाठ होतं, बघावं लागलं नाही. मामांनी पायटा मारला. जो पायटा मी काढून टाका म्हणत होते तोच. ट्रेडलचं ते खडखड-ठप्प ऐकून समोरचा भांड्यांचा दुकानदार चिखलाचं फावडं हातात घेऊन बघायला आला. पाचशे कुपनं झाली. एका बाजूला किटचा नंबर आणि दुसऱ्या बाजूला सोनेरी 'शुभविवाह'. पुरानंतरचं आमचं पहिलं काम ते. पैसे घेतले नाहीत, पण बिलबुकात नोंद केली, पप्पांचा तसा दंडक होता.

मंडळांचे ॲडव्हान्स परत करायचे तर माझ्याकडे काही नव्हतं. मी एकेका अध्यक्षाला फोन करून मुदत मागायला लागले. त्या वर्षी पुष्कळ मंडळांनी साधेपणाने उत्सव करून पैसे पूरग्रस्तांना द्यायचं ठरवलं होतं. गावभागातल्या एका मंडळाची आठ पोरं तर फावडी घेऊनच आली. त्यांनी दीड दिवसात आमचा चिखल काढला आणि जाताना म्हणाली, "ताई, ॲडव्हान्स राहू दे. पुढच्या वर्षी छापा."

त्याच महिन्यात चर्चमध्ये मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलं. मी मनात वाक्यं जुळवली होती, देवाने आम्हाला या पुरातून वाचवलं वगैरे. आदल्या रात्री पप्पांना म्हणून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "८ तारखेला ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. त्यात बुडालेल्या बायकांनी देवाचा धावा केला नसेल? त्यांच्या घरच्यांसमोर तुला हे वाक्य म्हणता येईल का? नाही ना? मग चर्चमध्येही म्हणू नकोस."

हे मला आयुष्यभर पुरणारं आहे. दुसऱ्या दिवशी मी एवढंच सांगितलं की पाणी आलं तेव्हा मी घाबरले होते, पायरीवर बसले होते, आणि मला एकटं सोडलेलं नव्हतं. मृत्यूच्या छायेच्या दरीतून जाताना तू माझ्याबरोबर आहेस, असं तेविसावं स्तोत्र म्हणतं. दरी येणारच नाही, असं ते कुठेही म्हणत नाही. मला विश्वासाचा अर्थ तिथे कळला आणि तो अजून तसाच आहे.

ऑफसेट पाच महिन्यांनी सुरू झालं. मोटर रिवाइंड केली, पॅनेल नवं टाकलं, रोलर बदलले. नाताळला पहिलं कॅलेंडर काढलं. आता जमतंय असं वाटलं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. एप्रिल-मेच्या तारखांच्या सतरा लग्नपत्रिका छापून पडल्या होत्या. 'मास्कशिवाय प्रवेश नाही'चे स्टिकर आणि मेडिकलची पाकिटं, यावर आम्ही चौघांचे अर्धे पगार कसेबसे काढले.

सप्टेंबर २०२० मध्ये पप्पा गेले. सांगली-मिरजेत तेव्हा बेड मिळत नव्हते. ज्या हॉस्पिटलमध्ये मिळाला तिथे आम्हाला आत सोडलं नाही; शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, आणि त्यातलं अर्धं ऐकू आलं नाही. दफनाला आम्ही मोजकी माणसं. त्यांचं श्रद्धांजली कार्ड मीच छापलं. खिळे जुळवायला घेतले आणि नावाच्या तिसऱ्या अक्षरावर हात थांबला, ते मामांनी पुरं केलं.

त्यानंतर दोन महिने मला प्रार्थना करता आली नाही. हे मी लपवत नाही, कारण पप्पांनी ते लपवू दिलं नसतं. आई रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना घ्यायची, मी शेजारी बसून बिलं लिहायची. तिने एकदाही टोकलं नाही. १६ नोव्हेंबरला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. त्यानंतरच्या रविवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. गायन सुरू झालं, पप्पांचं आवडतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. अंतर सोडून बसलेली मंडळी मास्कमधून गात होती, आवाज दबलेला, पण गात होती. मला वाटलं, ठीक आहे, आज माझ्या वाटचं ही माणसं म्हणताहेत. ख्रिस्ती मंडळी कशासाठी असते, हे मला कुणी विचारलं तर मी तो रविवार सांगते. तीन आठवड्यांनी मी दुसरं कडवं म्हटलं.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढलं. या वेळी धावपळ झाली, पण भीती तेवढी नव्हती. आयर्विनचा आकडा चाळिसावर जाताच मामांनी मोटरी काढल्या. २०१९ नंतर माळा लोखंडी करून घेतला होता, वरच्या रेघेच्या दीड फूट वर. कॉम्प्युटर, कागद, प्लेटा सगळं तिथे. विम्यात पूर होता. मंडळाची तीच पोरं रिमं चढवायला आली. सगळ्यात शेवटी खिळ्यांच्या केस. त्यांना पाण्याने काही होत नाही हे माहीत असूनही मी त्या वर नेल्या. केरीचं ते पत्रातलं वाक्य त्या रात्री मला पहिल्यांदा नीट समजलं. पप्पांना फोन करून सांगावंसं वाटलं.

पाणी सहा दिवसांनी उतरलं. धुणंपुसणं झाल्यावर मी पेन्सिलीने रेघ ओढली, वरच्या रेघेच्या हातभर खाली. मग स्टूल लावून एक केस माळ्यावरून उतरवली. कोरडी होती. शिकाऊ मुलगा शेजारी उभा होता, त्याने खिळे कधी हातात धरले नव्हते. त्याला स्टिक दिली, खण दाखवले. अक्षर उलटं वाचायची सवय नसल्याने त्याने 'छ' दोनदा चुकवला. अर्ध्या तासाने एक ओळ तयार झाली आणि मामांनी पायट्यावर पाय ठेवला.

'छापखाना सोमवारपासून सुरू.'

तो कागद आम्ही शटरला चिकटवला. सोमवारी साडेनऊला पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याच मंडळाचा खजिनदार. त्याला पाच पावती पुस्तकं हवी होती, नंबर १ पासून.