चुनखडी झाकून ठेवा

वणीची असल्यामुळे कोळसा आणि चुनखडी दोन्ही मला लहानपणापासून ओळखीचे. पण आमच्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधक कमी, म्हणून नारिंगी झालेला ओढा पहिल्यांदा पाहिला तो पेनसिल्व्हेनियात. या राज्यात सुमारे 5,500 मैल लांबीचे ओढे-नाले जुन्या खाणींच्या पाण्याने नासले आहेत. खाणवाले केव्हाच गेले. पायराइटला, म्हणजे कोळशासोबत सापडणाऱ्या लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागून आम्ल आणि लोह सुटायचं मात्र थांबत नाही.

अशा ठिकाणी विजेवर, रसायनांवर चालणारा प्लांट कायमचा कोण पोसणार? म्हणून चुनखडी. पाणी उताराने तिच्यातून जाऊ द्यायचं, की आम्ल मरतं. पण पाण्यात प्राणवायू असला की दगडावर लोहाचं कवच चढतं आणि आतली चांगली चुनखडी वाया जाते. यावरचा उपाय मला फार आवडतो. हवा लागण्याआधीच पाणी जमिनीत पुरलेल्या चुनखडीच्या चरात घ्यायचं. वर प्लॅस्टिक आणि चिकणमाती. लोह विरघळलेलंच राहतं. पुढे उघड्या तळ्यात हवा लागली की ते गाळ होऊन खाली बसतं, आपल्याला हवं तिथे.

पाण्यात अॅल्युमिनियम असेल तर हा चर करूच नये. त्याचा पांढरा साका फटींत बसून सगळं तुंबतं. तिथे वर कंपोस्ट, खाली चुनखडी असं तळं करतात. कंपोस्टमधले जिवाणू प्राणवायू संपवतात, पाणी खाली झिरपतं, आणि तळाच्या पाइपांची झडप अधूनमधून उघडून साका धुऊन काढावा लागतो. त्यासाठी माणूस लागतो. बांधकामाला अनुदान मिळतं, पण या माणसाच्या पगाराचं नाव कुणी काढत नाही, याचा मला राग येतो.

पेनसिल्व्हेनियातल्याच विंटनडेल गावी जुन्या खाणीच्या जागेवर अशी तळी एकापुढे एक आहेत. काठाची झाडं अशी निवडलीत की शरदात पानांचे रंगही पाण्यासारखेच नारिंगीकडून हिरव्याकडे जातात. पाहुण्यांना मी तिथे आवर्जून नेते.

मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांत कोळशात गंधक भरपूर, आणि चुनखडीही शेजारीच. 2014 मध्ये हरित न्यायाधिकरणाने तिथल्या बिळांसारख्या खाणींवर बंदी घातली, पण बंदीने आम्ल पाझरायचं थांबत नाही. तिथे काम करणारं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून नदीत नुसते दगड टाकू नका. पाझर जिथे फुटतो तिथे जा, लोह, अॅल्युमिनियम, प्राणवायू मोजा, आणि मगच चर की तळं ते ठरवा.